फिरायला जायला गाडी कशाला?

रोज पहाटे फिरायला जाण्यासाठी तुम्ही गाडी का काढता, हा प्रश्न मला लिफ्टमध्ये विचारतात, लग्नकार्यात विचारतात, आणि एकदा तर तळजाई टेकडीच्या पार्किंगमध्ये स्वतःची गाडी लावत असलेल्या गृहस्थांनीच विचारला. आता तुम्हीही विचारलेत, म्हणून सविस्तर सांगतो.

पुण्यात सदाशिव पेठेत राहत होतो तोवर आमच्या घरात व्यायाम हा शब्द तालमीतल्या मुलांपुरताच निघत असे. मंडई पायी बारा मिनिटांवर होती आणि आई तिथे रोज जाई, कारण फ्रीजमधल्या मेथीवर तिचा विश्वास नव्हता. प्रौढ माणसाने आठवड्याला किमान 150 मिनिटे भरभर चालण्याइतके श्रम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आईची 168 मिनिटे नुसत्या भाजीत होत, तीही परतताना ओझ्यासकट. गिरणी आणि खुन्या मुरलीधराचे देऊळ वेगळेच. पेठेत धूर आणि हॉर्न कमी नव्हते, पण घराबाहेर पडायला काही ना काही काम असे.

आता आम्ही शहराच्या पश्चिमेला एका गृहसंकुलात राहतो. मागच्या गल्लीतला भाजीवाला आमच्या बाल्कनीतून दिसतो, त्याच्या गाडीवरचे टोमॅटोही दिसतात; परंतु मध्ये सात फुटी भिंत आहे आणि संकुलाचे एकमेव फाटक विरुद्ध बाजूला उघडत असल्यामुळे त्याच्यापर्यंत पोहोचायला दीड किलोमीटरचा वळसा पडतो. तेवढे चालायला कोणाची ना नसते, पण वाट कशी आहे पाहा. फुटपाथची उंची मी टेपने मोजली, ती 29 सेंटीमीटर भरली. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक नियमांनुसार ती 15 सेंटीमीटरपेक्षा जास्त नसावी आणि निवासी भागात चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा असावी. इथे वर चढून आठ पावले गेले की विजेची डीपी आडवी येते, म्हणून पुन्हा रस्त्यावर उतरायचे, आणि तिथे डंपर असतात. गुडघे दुखणाऱ्या बाईने ही चढउतार कशी करावी? वर्षभरात आईने खाली जाणेच सोडले. पेठेत गोळ्यांवर आटोक्यात असलेली तिची साखर इथे इन्सुलिनवर आली. वयही वाढले हे मान्य, पण डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘रोज चालणे’ लिहिले तेव्हा कुठे, ते लिहिले नव्हते.

म्हणून मी तिला गाडीत घालून टेकडीवर नेतो. मागच्या भिंतीत माणूस जाईल एवढे दार पाडावे, असा अर्ज मी सोसायटीकडे दोनदा दिला आहे. दोन्ही वेळा सुरक्षेचे कारण सांगून तो फेटाळला गेला, आणि दुसऱ्या बैठकीत भिंतीवर काचा बसवण्याचा ठराव मंजूर झाला.