वाचनालयातल्या जुन्या संगणकाची दुरुस्ती: माझा अनुभव

आमच्या वाचनालयातला संगणक २०१३ सालचा. पुस्तकांची दाखल नोंदवही त्यातच. गेला पावसाळा संपता संपता आधी नेट गेलं, मग वेग गेला, आणि दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी पडदा काळाच राहिला. पाहायला आलेल्या माणसाने पाच मिनिटांत सांगितलं, ‘हे भंगारात द्या, नवा घ्या.’ नव्याला पैसे नव्हते. पुण्यात नेटवर्किंगचं काम करणारा भाचा फोनवर म्हणाला, “मावशी, सगळं एकदम बघू नकोस. आधी मशीन, मग विंडोज, नेट सगळ्यात शेवटी.” पुढचे पंधरा दिवस मी साधारण हाच क्रम धरला.

पंखा फिरत होता, म्हणजे वीज पोचत होती. पण थांबून थांबून बीप वाजत होते. पडदा लागण्याआधी काही बिघडलं असेल तर बोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारी आतली मुख्य पाटी, असंच सांगतो, आणि कोणत्या बीपचा अर्थ काय हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. भाच्याला रॅमचा, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीचा, संशय आला. मी वायर काढली, बटण दाबून उरलीसुरली वीज जाऊ दिली, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून डब्याच्या पत्र्याला हात लावला आणि रॅमची पट्टी काढली. कोकणातली दमट हवा! सोनेरी दातांवर काळपट थर चढला होता. खोडरबराने अलगद घासलं, कण झटकले, दोन्ही बाजूंच्या खुंट्या ‘टक’ वाजेपर्यंत पट्टी दाबली. पडदा लागला. एवढ्यासाठी मशीन भंगारात जाणार होतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

मग नेटचं कोडं. राउटर नीट चालू होता, मोबाईलवर सगळं उघडत होतं, संगणकावर मात्र प्रत्येक साइटपुढे ‘सुरक्षित नाही’ असा इशारा. कोपऱ्यातल्या तारखेकडे लक्ष गेलं: १ जानेवारी २०१२. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत. संगणकाच्या हिशेबाने ती मुदत सुरूच व्हायची होती, म्हणून तो सगळी प्रमाणपत्रं नाकारत होता. वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा रुपयाएवढा सेल, सीआर २०३२, संपला होता. घड्याळाच्या दुकानात तो सहज मिळाला. तारीख भरली आणि साइट उघडल्या. वेळ आणि नेट यांचा इतका जवळचा संबंध असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे मुद्दाम लिहिते आहे.

वेगाचं कारण समजायला वेळ लागला. रॅम फक्त २ जीबी. ती भरली की विंडोज उरलेला माल हार्ड डिस्कवर ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. ती चकती मिनिटाला ७२०० फेरे घेते, तरी रॅमच्या मानाने फारच हळू. त्यामुळे एक फाइल उघडायला चहा होई. आधी सगळा डेटा दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवला, मगच स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. २४० जीबीची एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क, आणि ४ जीबी रॅम आणली. पहिली रॅम बसेना, कारण ती डीडीआर ४ या नव्या पिढीची होती आणि आमचा बोर्ड डीडीआर ३ चा. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची पट्टी बसतच नाही. जोर मात्र लावू नये. जुन्या पट्टीवरच्या लेबलचा फोटो दाखवल्यावर दुकानातल्या काकांनी बदलून दिली.

आता विंडोज. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार (सुरक्षा अपडेट) संपला, आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आमच्या बोर्डात नाही. भाच्याने विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती सुचवली. सुमारे ३ जीबीची फाइल पेनड्राइव्हवर चढवून संगणक त्यावरूनच सुरू केला. काही न पुसता सगळं वापरून पाहता येतं, ही सोय मला फार आवडली. प्रिंटर, आवाज, मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड, सगळं तपासलं आणि मगच एसएसडीवर टाकलं.

राउटरपासूनची जुनी केबल उंदरांनी कुरतडून तुटायला आली होती. नवी ओढून टोकं मीच बांधली, आतल्या आठ तारा या रंगक्रमाने: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. केबल तपासणाऱ्या टेस्टरवर तिसरा दिवा लागेना. टोक कापून पुन्हा बांधलं तेव्हा आठही लागले. मग पिंग, म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का पाहणं: आधी राउटर, १९२.१६८.१.१, मग बाहेरचा पत्ता, ८.८.८.८, शेवटी साइटचं नाव. पहिल्याला उत्तर नसेल तर दोष घरात. दुसऱ्याला नसेल तर राउटरच्या पलीकडे. फक्त नावाला नसेल तर नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसमध्ये. आमच्याकडे तिन्हींना उत्तर आलं.

एक काम उरलंच आहे. नोंदवही जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली होती, युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या. त्या फाँटमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत, त्यामुळे फाँट नसेल तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाँट टाकल्यावर मजकूर वाचता आला, पण मराठीत टाइप करून पुस्तक शोधलं की काहीच सापडत नाही. म्हणून सगळं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करते आहे. रोज वाचनालय उघडण्याआधी ५० नोंदी. काल दाखल क्रमांक १,४५० झाला.