उणे एक रविवार

पंचवटीत राहणारी माझी आत्या गेली कित्येक वर्षे बायकांची भिशी चालवते. भिशी कधी असते असे विचारले, की ती लगेच सांगते, ‘दर महिन्याच्या चौथ्या रविवारी.’ सगळ्या सभासदांच्या मोबाईलवर दोन दिवस आधी आठवण जावी, एवढे लहानसे काम तिने माझ्यावर सोपवले आणि प्रोग्रॅमिंगवर पोट भरणाऱ्या मला ते अर्ध्या तासाचे वाटले. पहिले दोन महिने सगळे सुरळीत चालले. तिसऱ्या महिन्यात पाच रविवार आले, आठवण आठवडाभर आधीच गेली आणि दोघी-तिघी हातात पाकीट घेऊन आत्याच्या दारात उभ्या राहिल्या.

‘अरे, चौथा म्हणजे शेवटचा!’ आत्या म्हणाली. तिच्या दृष्टीने यात समजावून सांगण्यासारखे काही नव्हतेच. हिशेब केला, तर तिचेही फारसे चुकत नव्हते. वर्षात रविवार ५२ किंवा ५३ असतात. प्रत्येक महिन्याला चार दिले, की ४८ संपतात आणि उरलेले चार-पाच रविवार तेवढ्याच महिन्यांच्या वाट्याला पाचवे म्हणून येतात. म्हणजे वर्षातले सात-आठ महिने चौथा आणि शेवटचा रविवार एकच असतो, आणि दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव पडायला एवढी संगत पुरेशी आहे.

मी वापरत होतो ती पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेची ‘डेटयूटिल’ ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, गुस्ताव्हो निमेयर यांनी २००३ मध्ये, म्हणजे नाशकात सिंहस्थ भरला त्याच वर्षी लिहिली. पुन्हा पुन्हा येणाऱ्या तारखांचे तिचे व्याकरण ‘आयकॅलेंडर’ या संगणकी कॅलेंडरांच्या मानकातून आले आहे. हे मानक १९९८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले आणि २००९ मध्ये सुधारून ‘आरएफसी ५५४५’ या नावाने पुन्हा आले; आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांकित दस्तऐवज. या व्याकरणात महिन्याचा शेवटचा रविवार ‘उणे एक रविवार’ असा लिहितात, म्हणजे महिन्याच्या शेवटाकडून मोजलेला पहिला. ही खूण मला फार आवडली. महिना २८ दिवसांचा असो वा ३१ दिवसांचा, त्याच्या शेपटाला धरले, की लांबीची चिंता उरत नाही.

आठवणी नीट जाऊ लागल्यावर आत्याचा उत्साह वाढला आणि वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूची आठवण तिने त्यात घालायला सांगितली. भाडे ‘दर महिन्याच्या ३१ तारखेला’ येत असे. मानक याबाबत कठोर आहे: जी तारीख अस्तित्वातच नाही, ती मोजायची नाही. ३१ तारीख असणारे महिने सातच. त्यामुळे नियम शब्दशः लिहिला असता, तर भाडेकरूला पाच महिने भाड्याची आठवणच गेली नसती. त्याऐवजी मागच्या तारखेत दर वेळी एक महिना मिळवत जावे, तर ३१ जानेवारीची २८ फेब्रुवारी होते, तिची २८ मार्च होते आणि एकदा घसरलेली तारीख पुन्हा वर चढत नाही. मोजणी नेहमी मूळ तारखेपासून करावी, हे मी अशा एका घसरलेल्या तारखेकडूनच शिकलो. येथेही अखेर ‘उणे एक’च कामी आला.

खरी अडचण पंचांगाने केली. शेवटच्या रविवारी अमावास्या असेल, तर भिशी नको, असे आत्याचे म्हणणे. तिथी सूर्य आणि चंद्र यांच्यातल्या अंतरावर ठरते आणि साधारण १९ ते २६ तास टिकते. म्हणून एखादी तिथी दोन सूर्योदय पाहते, तर एखादी एकही पाहत नाही. ‘दर इतक्या दिवसांनी’ असे तिला बांधून ठेवता येत नाही. मी मुकाट्याने पंचांगातून अमावास्यांची यादी उतरवली आणि वगळायच्या तारखा म्हणून नियमाला जोडली. आत्याने ती पाहून विचारले, ‘लक्ष्मीपूजनाची अमावास्या कशाला वगळलीस? ती चांगली असते.’ थोड्या वेळाने तिनेच जोडले, ‘पण त्या दिवशी येणार कोण?’ ३० ऑक्टोबर २०१६ ला शेवटचा रविवार आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आले होते. तेव्हा काय केले होते, हे तिला आठवेना.

सिंहस्थही ‘दर बारा वर्षांनी’ म्हणून घालून टाक, असे तिने सुचवले. २००३, २०१५, २०२७ हा क्रम पाहता नियम सोपा दिसतो. परंतु सिंहस्थ गुरू सिंह राशीत आला की भरतो आणि गुरूला सूर्याभोवती फिरायला सुमारे ११.८६ वर्षे लागतात, म्हणजे प्रत्येक फेरीला बारा वर्षांत सुमारे ५० दिवस कमी पडतात आणि सहा-सात फेऱ्यांत तो फरक वर्षाच्या घरात जातो. ग्रेगरीयनखेरीज इतर कालगणनांची आणि अधिक महिन्यांची दखल घेणारा ‘आरएफसी ७५२९’ २०१५ मध्ये, योगायोगाने पुन्हा सिंहस्थाच्याच वर्षी आला. नसलेली तारीख गाळावी, मागे आणावी की पुढे ढकलावी, हे सांगण्याची सोयही त्यात आहे. माझ्या लायब्ररीत ती नव्हती. सिंहस्थ मी नियमात घातला नाही.

मग पावसाळा आला. गंगापूर धरणातून पाणी सोडले, ज्यावरून नाशिककर गोदावरीचा पूर मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागल्याची बातमी घरोघर पोहोचली आणि नदीपलीकडून येणाऱ्या बायकांनी येत नसल्याचे कळवले. त्या आठवड्यात गोदाघाटावरचा बुधवारचा बाजारही नेहमीच्या जागी भरला नाही. आत्याच्या फोनवरून मी तो रविवार वगळलेल्या तारखांत टाकला आणि पुढचा सोमवार जास्तीची तारीख म्हणून जोडला. नियम तसाच राहिला. कारण लिहायला मी कोठे जागाच ठेवली नव्हती. आत्याच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मात्र त्या रविवारावर फुली होती, सोमवाराभोवती गोल होता आणि मधल्या रेघेवर पेन्सिलीने ‘पाणी’ असे लिहिलेले होते.