सशर्त निविदा

जिल्हा परिषदेत टेंडर भरायला निघालो की मामा बजावायचे, "पाकीट पेटीत पडलेलं डोळ्यांनी बघ, मगच चहाला जा." आमची गटारं आणि शाळाखोल्यांची छोटी कामं असायची. आवक टेबलावर दिलेलं पाकीट कुठल्या कपाटामागे जाईल याचा नेम नसे. मामांचं ते वाक्य मला आठवलं जानेवारी २०१६ मध्ये, दक्षिण जर्मनीतल्या एका लहान नगरपालिकेत, सकाळी ११ वाजून ४ मिनिटांनी.

मी तेव्हा तिथल्या एका सल्लागार अभियंत्याकडे नोकरीला होतो. २०१५ या एका वर्षात जर्मनीत सुमारे ८ लाख ९० हजार निर्वासित आले. आमच्या गावात आलेल्यांना शाळेच्या व्यायामशाळेत ठेवलं होतं. बांधकामावर लावतात त्या जाळीच्या कुंपणाला चादरी बांधल्या, की झाली 'खोली'. एक पोर खोकलं की सगळी व्यायामशाळा जागी. पालिकेला कंटेनरची दुमजली वसाहत हवी होती आणि निविदेचा मसुदा माझ्याकडे होता. ऑक्टोबरमध्ये कायद्यात सूट मिळाल्यामुळे कारखान्यांच्या पट्ट्यातही ती तीन वर्षांसाठी उभी करता येणार होती.

कंटेनर ६.०६ मीटर लांब, २.४४ रुंद, आत जेमतेम १३-१४ चौरस मीटर जागा. पण नुसतं खोकं आणून भागत नाही. पाया, मलवाहिनी, वीज, वरच्या मजल्यावरून उतरायला दुसरा जिना, हे सगळं मोजून लिहावं लागतं. त्यात झुरिक शहराने सुट्या भागांतून जोडायची ६२ तयार घरं आगीच्या चाचणीनंतर डिसेंबरमध्येच रद्द केली होती. ती बातमी वाचून आमचे अग्निशमन अधिकारी भिंतीच्या प्रत्येक थराचा दाखला मागू लागले. बरोबरच होतं त्यांचं.

युरोपीय नियम ५२ लाख २५ हजार युरोंपासून पुढच्या कामांना लागत; आमचं काम त्या मर्यादेच्या आतलं, म्हणून जर्मन नियम लागू होते. तातडीमुळे मुदत कमीत कमी, १० दिवस. ११ वाजता पहिलं पाकीट फोडलं. तिथे पाकीट फोडलं की एका यंत्राने सगळ्या पानांना एकदम भोकं पाडतात, मागाहून पान बदलायला नको म्हणून. मला ते यंत्र फार आवडायचं. आकडे मोठ्याने वाचले जात होते. बोलीदार समोर बसून लिहून घेत होते.

दार उघडलं. लोकरी टोपीतला एक माणूस धापा टाकत विचारू लागला, "माझं पाकीट कुठंय?" त्याने ते खाली स्वागतकक्षात दिलं होतं. टेबलावर मात्र चारच पाकिटं.

पहिलं पाकीट फुटल्यावर आलेली निविदा बाद, हा तेव्हाचा नियम. पण वेळेत पालिकेच्या ताब्यात आलेली निविदा पालिकेच्याच गोंधळामुळे टेबलावर पोचली नसेल, तर ती वेळेवर आली असंच धरायचं, हाही नियमच. अध्यक्षस्थानी बसलेल्या बाईंनी कामकाज थांबवलं. पाकीट सापडलं उद्यान विभागाच्या खणात! शिक्का १०:४१, शेजारी सही. इतर बोलीदारांना हे सगळं लेखी कळवायचं ठरलं आणि पाकीट फोडलं. सर्वांत कमी दर त्याचाच होता, शिवाय कंटेनर तयार, आवारात उभे. मी मनातल्या मनात मामांना सांगितलं, बघा, असंही असतं.

जेवणानंतर कागद तपासायला घेतले. सोबतच्या पत्रात शेवटून दुसरी ओळ होती: "साठा शिल्लक असेपर्यंतच हे दर लागू."

आपल्याकडे प्रत्येक निविदा सूचनेच्या तळाशी असतंच, 'सशर्त निविदा स्वीकारल्या जाणार नाहीत.' तिथेही तेच. आम्ही मागितलेल्या कागदांत बोलीदाराने फेरफार केला की निविदा बाद. ती ओळ काढून टाका, असं सांगायचीही सोय नाही, कारण ती वाटाघाट ठरते. मी ती ओळ पाचसहा वेळा वाचली. शेवटी अपात्रतेची टिपणी लिहिली.

त्याचं तरी काय चुकलं? गावोगावच्या पालिका फोनवरून कंटेनर मागत होत्या, भाव रोज चढत होते. निविदेचा निकाल लागेपर्यंत त्याने ३० दिवस माल अडवून ठेवायचा तो कुणाच्या भरवशावर? अशा बाजारात खुली निविदा काढायला नको होती, असं मला आजही वाटतं. अतिनिकडीच्या वेळी जाहिरात न देता थेट बोलणी करता येतात, हे युरोपीय आयोगाने सप्टेंबरमध्येच समजावून सांगितलं होतं. पण थेट खरेदी केली तर गावात कुजबुज होईल, याची नगरसेवकांना धास्ती. मीही तेव्हा मान डोलावली होती. दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराचे कंटेनर एप्रिलअखेर उभे राहिले. तोवर माणसं व्यायामशाळेतच.

लेखी पत्र जायच्या आधी त्याला फोन करायचं काम माझ्याकडे आलं. चौथ्या दिवशी केला. वाटलं, शिव्या घालेल. तो म्हणाला, "कंटेनर परवाच दुसऱ्या गावाने उचलले. पण पाकीट शोधून काढलंत, त्याबद्दल आभार."