धाव्याचा उतार आणि मामांचा पाय

मी वारीला फिजिओ म्हणून जात नाही, साधी वारकरी म्हणून जाते, पण दिंडीत एकदा कळलं की संपलं, मुक्कामाला टेकायच्या आत चार पाय पुढ्यात येतात.

वेळापूरच्या अलीकडे धावा असतो ना, तुकोबांना तिथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले असं म्हणतात, म्हणून सगळे त्या उतारावरून पळतात, सत्तरीचे म्हातारेसुद्धा. आमच्यातले एक मामा तिथेच आडवे झाले, पाऊल खड्ड्यात अडकलं आणि अंग फिरलं.

"काय नाय ताई, मुरगळलाय निस्ता."

एकजण हळद गरम करायला, दुसरा पायाळू शोधायला पळाला. घोटा टम्म सुजलेला, पण दुखणं आतल्या बाजूला जास्त, साध्या मुरगळीत बहुतेक वेळा बाहेरून दुखतं, तिथेच शंका आली. दोन्हीकडची घोट्याची हाडं मागच्या कडेने ६ सेंमी वरपर्यंत चाचपली, करंगळीच्या मागचं पावलाच्या कडेचं हाड दाबलं, चार पावलं टाका म्हटलं (हे १९९२ चे ओटावा रूल्स, एक्स-रे लागणार का ते ठरवायला), मामा दुसऱ्याच पावलाला खाली बसले. मग धोतर वर सारून गुडघ्याच्या जरा खाली बाहेरून दाबलं तर "विठ्ठलाss" असे ओरडले की शेजारच्या तंबूतली माणसं धावत आली. मुरगळला घोटा आणि दुखतंय गुडघ्याशी, सगळे माझ्याकडेच संशयाने बघायला लागले.

होतं काय, घोट्यातला पीळ पायाच्या दोन हाडांमधल्या पडद्यातून वर चढतो आणि बारीक हाड वरती मोडतं, मेझोनव फ्रॅक्चर म्हणतात याला, आणि नुसत्या घोट्याचा एक्स-रे काढला तर ती जागा फोटोत येतच नाही. म्हणून अकलूजला पाठवताना चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, गुडघ्यापर्यंतचा काढा. निघालंच. ऑपरेशन, स्क्रू, सगळं झालं. मामी त्यांच्याबरोबर गेल्या आणि त्यांची तुळस आली माझ्या डोक्यावर.

त्यानंतर भंडीशेगावला तर रांगच लागली, बहुतेकांची साधी मुरगळ. एका काकूंचा मात्र मागच्या वारीत मुरगळलेला पाय अजून आतून ठणकतो, मधेच अडकल्यासारखा होतो, एक्स-रे नॉर्मल. एवढे महिने दुखत असेल तर घोट्याच्या सांध्यातल्या हाडाची कूर्चा दुखावलेली असू शकते, ती एक्स-रेत दिसेलच असं नाही, एमआरआय करून घ्या म्हटलं. तर म्हणतात, "करू की, आधी कळस तर दिसू दे."