दश्शीला शून्य

मेंढीकोटात, म्हणजे दश्श्या जिंकायच्या पत्त्यांच्या खेळात, वाढलेल्या माणसाला ब्रिज शिकवायचं म्हणजे आधी त्याच्या डोक्यातून दश्शी काढावी लागते, असं आमची आत्या म्हणते. आत्या ७८ वर्षांची, मुक्काम रामबाग, इंदूर. मी ६१, वीज खात्यातून निवृत्त. गेल्या पावसाळ्यात तिचा नेहमीचा भिडू मुलाकडे पुण्याला राहायला गेला आणि रविवारच्या डावात एक पाट रिकामा झाला. "तू ये, पोहे करते," एवढंच ती फोनवर बोलली. पोह्यांवर शेव आणि जिरावण पडेपर्यंत मी पुरता अडकलो होतो.

हातातल्या पानांची ताकद सांगणारे गुण मोजणं अवघड नाही. एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १. सबंध कॅटात मिळून ४०. दश्शीला काहीच नाही! जिच्यापायी आम्ही भावंडं लहानपणी एकमेकांशी अबोला धरायचो, तिला शून्य. मी ते निमूट गिळलं.

मला घोळात घेतलं ते सपाट पानांनी. सपाट हा आत्याचा शब्द: एकही रंग गायब नाही, कुठल्या रंगाचं एकुलतं पान नाही, दोन पानांचा रंग असलाच तर एकच. म्हणजे ४-३-३-३, ४-४-३-२ किंवा ५-३-३-२. अशी पानं क्वचित येत असतील असा माझा समज होता. प्रत्यक्षात शंभरातल्या सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वेळा तीच येतात. म्हणजे त्या पानांवर बोली, म्हणजे किती हात करू ते आधी सांगणं, जमली नाही तर निम्मा ब्रिज गेला.

तिसऱ्या रविवारी मला इस्पिक राजा-गुलाम धरून तीन, बदाम एक्का-राणी धरून चार, चौकट राजासकट तीन आणि किलवर गुलामासकट तीन अशी पानं आली. गुण १४. आमच्या ठरलेल्या पद्धतीत 'एक नो ट्रम्प'ला, म्हणजे हुकूम न ठेवता सात हात करायच्या बोलीला, १५ ते १७ लागतात. मी म्हटलं, एका गुणाने काय होतंय, आणि बोललो. आत्याकडे १० होते. तिने थेट 'तीन नो ट्रम्प' ठोकलं. नऊ हात हवे होते, आठ झाले. आम्ही व्हल्नरेबल, म्हणजे जास्त दंडाच्या पाळीत, नव्हतो म्हणून उणे ५० वर निभावलं.

"पंधरावा गुण कुठून आणलास?"

"पानं छान दिसत होती गं."

"तुला दिसत होती. मला फक्त तुझी बोली दिसते. तुझे पंधरा, माझे दहा, पंचवीस झाले म्हणून मी गेम, म्हणजे मोठ्या बक्षिसाची बोली, मागितला."

मग तिने पानं तशीच उघडी ठेवून बोली पुन्हा करायला लावली. १२ ते १४ असले की आधी रंग बोलायचा, आणि पुढच्या फेरीला एक नो ट्रम्प. माझं 'एक किलवर', तिचं 'एक इस्पिक', माझं 'एक नो ट्रम्प'. आता तिला कळलं की माझ्याकडे फार तर १४ आहेत. चोवीसवर गेम नको, म्हणून ती पास. तेच आठ हात, पण आता ठरल्यापेक्षा एक जास्त, आणि अधिक १२०.

मी वाद घातलाच. तीन किलवर, त्यात मोठं पान म्हणजे एक गुलाम, आणि बदाम चांगले चार असून बोलायचं 'किलवर'? याला नैसर्गिक बोली म्हणायचं? आत्याच्या पद्धतीत बदाम-इस्पिक पाच असल्याशिवाय उघडायचे नाहीत, म्हणून ही सोय. "पाहुणा 'नको नको' म्हणतो तरी आपण वाढतोच ना? तसं समज," ती म्हणाली. दुसऱ्या जोडीतल्या डॉक्टरांनी हळूच काडी टाकली, की त्यांच्या पद्धतीत माझी पहिली बोली बिनचूक होती. ते ब्रिज इंग्लंडमध्ये शिकले. १९३० च्या दशकात लंडनच्या एकॉल रोडवर जी पद्धत रुजली, तिच्यात एक नो ट्रम्प १२ ते १४ वरच बोलण्याचा रिवाज आहे. आत्या म्हणाली, "मग घेऊन जा याला तुमच्याकडे." डॉक्टर पुन्हा पोह्यांकडे वळले.

पुढच्या महिन्यात उलट चूक केली. १८ सपाट गुणांवर एक नो ट्रम्प बोलून बसलो, आत्या ७ वर पास झाली आणि आम्ही दहा हात करूनही गेमला मुकलो. १८-१९ असले तर रंग उघडून दुसऱ्या फेरीला उडी मारून दोन नो ट्रम्प. २०-२१ असले तर थेट दोन नो ट्रम्प. रात्री एकटाच पानं वाटून हे घोकत होतो. पाच बदाम असले तरी १६ सपाट गुणांवर एक नो ट्रम्पच का बोलायचं, हेही तेव्हाच उमगलं. 'एक बदाम' बोललो आणि 'एक इस्पिक' आलं, की पुढे एक नो ट्रम्प म्हणजे फार तर १४, दोन म्हणजे निदान १८. मधल्या सोळाला उभं राहायला पायरीच नाही!

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आत्याने एक नो ट्रम्प उघडलं. माझ्याकडे १०, मी आज्ञाधारकपणे 'तीन नो ट्रम्प' म्हणालो. तिने शांतपणे नऊ हात केले. डाव संपल्यावर सवयीने मी तिची पानं मोजली. इस्पिक एक्का, दश्शी, सत्ती. बदाम राजा, चव्वी. चौकट राणी, दश्शी, पंजी. किलवर राजा, राणी, दश्शी, नव्वी, तिर्री.

"आत्या, हे चौदा आहेत."

"परत मोज."

परत मोजले. चौदाच.

"पाच किलवर आहेत, ते नाही दिसले? आणि या तीन दश्श्या?"

"दश्शीला शून्य ना?"

"मेंढीकोट अगदीच विसरलास की रे," ती म्हणाली आणि पानं पिसायला माझ्याकडे सरकवली.