मग तुम्ही राहता तरी कुठे?

साताऱ्याहून न्यू जर्सीला जायचे मार्ग बरेच आहेत. लंडनवरून जा, फ्रँकफर्टवरून जा, दोह्यावरून जा. या वेळी जावयाने अबूधाबीमार्गे तिकीट काढलं. एक तर ते स्वस्त पडलं, आणि दुसरं म्हणजे अमेरिकेचं इमिग्रेशन अबूधाबीतच उरकतं. २०१४ पासून तिथल्या विमानतळावर अमेरिकेचे गणवेशधारी अधिकारी बसतात. अशी सोय डब्लिनला आहे, शॅननला आहे, कॅनडातल्या मोठ्या विमानतळांवर आहे. आखातात मात्र फक्त इथे. तिथून सुटलात की न्यूयॉर्कला उतरताना तुम्ही जणू शिकागोहून आलेले असता. बॅगा उचलायच्या आणि चालू पडायचं. चौदा तासांच्या प्रवासानंतर सुजलेले पाय घेऊन रांगेत उभं राहायला नको, हा आमच्या वयाला मोठाच दिलासा.

रात्री नऊला साताऱ्यातून गाडी निघाली. खंबाटकीचा बोगदा, मग एक्स्प्रेसवेवर चहा, आणि मुंबईच्या टर्मिनल दोनवर पोचलो तेव्हा सौ.ने बॅगांचं वजन तिसऱ्यांदा विचारलं होतं. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, नातवासाठी नाचणीचं सत्त्व. नेहमीचाच फराळ, नेहमीचीच भांडणं.

अबूधाबीला नवं टर्मिनल भव्य आहे, पण अमेरिकेच्या दिशेने जाणाऱ्यांना त्याची शोभा बघायला सवड नसते. सुरक्षा तपासणी एकदा, मग पुन्हा एकदा, मग लांबलचक रांग. काउंटरवर पडद्यावर आमच्या बॅगांचे फोटो दाखवून ‘या तुमच्याच ना?’ असं विचारलं. लाल नाडी बांधलेली बॅग बघून सौ. म्हणाली, ‘अहो, आपलीच!’ आणि अधिकारी हसला. मी म्हटलं, चला, गडी बरा दिसतोय.

मग त्याने आमची ये-जा उघडली.

‘मागच्या वेळी किती दिवस होतात?’

‘सहा महिन्यांना थोडे कमी.’

‘त्याच्या आधी?’

‘तेवढेच.’

‘आणि मध्ये भारतात?’

‘चार-पाच महिने.’

तो काही क्षण कीबोर्डवर टकटक करत राहिला. मग मान वर करून अगदी साध्या आवाजात म्हणाला, ‘मग तुम्ही राहता तरी कुठे?’

उर्मटपणाचा लवलेश नव्हता. आमच्या तलाठ्याने सातबारा काढताना विचारावं, तसं विचारलं. उत्तर म्हणून मी साताऱ्याचा पत्ता सांगितला. त्याने तो ऐकून घेतला, आमचे पासपोर्ट एका पिवळसर फोल्डरमध्ये घातले आणि शेजारच्या खोलीकडे बोट दाखवलं.

या खोलीबद्दल आमच्या कट्ट्यावर इतक्या दंतकथा ऐकल्या होत्या, की प्रत्यक्षात ती सरकारी दवाखान्याच्या प्रतीक्षागृहासारखी निघाल्यावर जरा हिरमोडच झाला. खुर्च्या, एक टेबल, भिंतीवर सूचना. मोबाइल वापरायला बंदी. आमच्याशिवाय एक गुजराती आजी, दोन विद्यार्थी आणि एक पाकिस्तानी कुटुंब. आजींच्या मांडीवर पोथी होती, पण पान काही उलटत नव्हतं.

इथे जरा थांबून सांगतो, कारण आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा घोळ इथेच होतो. पासपोर्टवरचा दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षं दार ठोठावायची परवानगी. दार उघडायचं की नाही, ते उंबऱ्यावरचा अधिकारी ठरवतो. उघडलं, तर आत किती दिवस राहायचं ती तारीख तो आय-नाइन्टीफोर नावाच्या नोंदीत घालतो. पर्यटक व्हिसावर ती साधारणपणे सहा महिन्यांची असते. तुम्ही तीन आठवड्यांसाठी आलात तरी. या सहा महिन्यांवरून आपल्याकडे एक समज पक्का झालाय की सहा महिने तिकडे आणि सहा महिने इकडे, हा नियमच आहे आणि तो पाळला की कोणी विचारत नाही. असा कुठलाही नियम नाही. वर्षातून किती वेळा यावं, मध्ये किती दिवसांचं अंतर असावं, याचा आकडा अमेरिकेच्या कायद्यात कुठेही लिहिलेला नाही. लिहिलंय ते उलटंच: पर्यटक व्हिसा मागणारा प्रत्येक जण तिथे कायमचं राहायलाच निघालाय असं धरून चालायचं, आणि तसं नाही हे त्याने पटवून द्यायचं. कलम २१४ (ब). मुंबईच्या वकिलातीत ज्यांना ‘सॉरी’ म्हणतात, त्यांच्या हातात बहुतेकदा याच कलमाचा कागद असतो. तोच कायदा विमानतळावरही तुमची वाट बघत असतो, हे मात्र आपण व्हिसा मिळाल्याच्या पेढ्यांत विसरतो.

आणि खरं सांगायचं, तर बाहेरून बघणाऱ्याला आमचा हिशेब कसा दिसत असेल? सहा महिने आम्ही, सहा महिने व्याही. आम्ही परत निघालो की पंधरा दिवसांत व्याही-विहीणबाई नागपूरहून हजर. रिले शर्यतच ती, बॅटनच्या जागी नातू. न्यू जर्सीत अशी घरं शेकड्याने सापडतील. आई-वडिलांच्या दोन जोड्या, एक पाळणा, आणि डेकेअरचे महिन्याचे दर ऐकून गप्प झालेले मुलगा-सून किंवा लेक-जावई. यात पैसा कोणी कोणाला देत नाही, माया सगळी खरी आहे. पण अधिकाऱ्याच्या पडद्यावर माया दिसत नाही. त्याला तारखा दिसतात. वर्षातला निम्मा वेळ एका देशात काढणारा माणूस तिथला पाहुणा कसा, असं त्याला वाटलं तर मी तरी त्याला चूक ठरवणार नाही.

तासाभराने दुसऱ्या अधिकाऱ्याने बोलावलं. बाई होत्या, वयाने आमच्या लेकीएवढ्या. प्रश्न तेच, पण फिरवून फिरवून. लेक कुठल्या व्हिसावर आहे? एच-वन-बी, म्हणजे नोकरीच्या. घर कोणाचं? तिकिटाचे पैसे कोणी दिले? भारतात काय आहे? मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालोय, पेन्शन आहे, कोरेगावला थोडं आल्याचं पीक आहे, हे सांगितलं. आल्याबद्दल त्यांनी दोन प्रश्न जास्तीचे विचारले. लागवड कधी, काढणी कधी. मी सुटलोच जवळजवळ. आल्याच्या भावावर मला कोणी विचारलं की मला थांबवणं अवघड. दिवाळीच्या आधीचं परतीचं तिकीट दाखवलं, आणि नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायला स्वतः जातो हेही सांगितलं. हयातीचा दाखला म्हणजे काय, ते समजावताना बाईंना हसू आलं. ‘जिवंत आहात हे दरवर्षी सांगावं लागतं?’ हो, म्हटलं, लागतं.

मग त्या सौ.कडे वळल्या. ‘बाळाला कोण सांभाळतं?’

हाच तो प्रश्न. त्यावर काय बोलायचं, याच्या सूचना प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर फिरत असतात, आणि बहुतेक सूचना खोटं बोलायला शिकवणाऱ्या असतात. ते केलं की मेलाच माणूस, कारण नातवंडासोबत वेळ काढणं वेगळं आणि अधिकाऱ्यापुढे खोटं बोलणं वेगळं. पगार न घेता आजीने नातवाशी खेळण्याला कोणी नोकरी म्हणत नाही. पण ‘आम्ही बाळ सांभाळायलाच येतो’ असं म्हटलं की पर्यटनाचा हेतू कुठे राहिला, हा प्रश्न उभा राहतोच. सौ. शांतपणे म्हणाली, ‘बेबी गोज टु डेकेअर. आय ओन्ली फीड हिम वरणभात.’

‘व्हॉट इज वरणभात?’

‘लेंटिल्स. राइस. अँड तूप.’

ते खरंच होतं. या वेळी लेकीने डेकेअर लावलं होतं, पावत्याही तिच्या मेलवर होत्या.

नाकारलं असतं तर काय झालं असतं, ते मी नंतर नीट वाचून घेतलं. अमेरिकेच्या भूमीवर उतरल्यावर नाकारतात तेव्हा दोन वाटा असतात. एक, ‘मी प्रवेशाचा अर्ज मागे घेतो’ असं लिहून देऊन पुढच्या विमानाने परत. व्हिसा बहुधा रद्द होतो, पण बंदी लागत नाही. दुसरी, तडकाफडकी हद्दपारी. तिच्यासोबत पाच वर्षं प्रवेशबंदी. अबूधाबीत तुम्ही अमेरिकेत पोचलेलेच नसता, त्यामुळे नकार मिळाला तर विमानात चढू देत नाहीत आणि तुम्ही मुंबईला परत. अपमान तोच, पण न्यूयॉर्कच्या खोलीत रात्र काढण्यापेक्षा मला हे बरं वाटतं. जास्त राहून बसणाऱ्यांचं प्रकरण याहून वाईट. आय-नाइन्टीफोरची तारीख उलटली की दहा वर्षांचा व्हिसा आपोआप बाद. एकशे ऐंशी दिवसांच्या वर राहून मग बाहेर पडलात तर तीन वर्षं बंदी, वर्षभराच्या वर राहिलात तर दहा.

आम्हाला सोडलं. बाईंनी पासपोर्ट हातात देताना सांगितलं, ‘तुम्हाला सहा महिने दिलेत, पण ते सगळे वापरलेच पाहिजेत असं नाही. आणि पुढच्या वेळी यायच्या आधी घरी जास्त दिवस काढा.’ ही नोंद त्यांच्या संगणकात राहणार, हे उघड होतं. विमानाचं शेवटचं बोर्डिंग चालू होतं. सौ. माझ्यापुढे पळत होती. एरवी गुडघे दुखतात म्हणणारी.

न्यू जर्सीतल्या एडिसनला ऑगस्टमध्ये उकडतं बऱ्यापैकी. संध्याकाळी रूझवेल्ट पार्कात तळ्याकाठी चक्कर मारली की भारतातले सगळे आजी-आजोबा भेटतात. तेलुगू, गुजराती, पंजाबी, आणि आपले कोल्हापूर-पुण्याकडचे. हवापाणी, गुडघे आणि आय-नाइन्टीफोर, हे तीनच विषय. तिथे सांगलीचे एक निवृत्त प्राध्यापक भेटले. त्यांचा मुलगा अमेरिकेचा नागरिक, त्याने दोघांचं ग्रीनकार्ड केलेलं. मला वाटलं, सुटले बिचारे या कटकटीतून. ते म्हणाले, ‘कसले सुटतोय? तुम्हाला विचारतात एवढ्यांदा का येता. आम्हाला विचारतात एवढे दिवस होता कुठे!’

त्यांची गोष्ट आमच्या नेमकी उलटी. त्यांचा जीव सांगलीत. उन्हाळ्यात अमेरिका, बाकी वर्षभर गाव. ग्रीनकार्ड म्हणजे कायम वास्तव्याचं कार्ड, आणि तिथे वास्तव्यच नसेल तर ते कशाला, असा अधिकाऱ्याचा सवाल. वर्षाच्या वर बाहेर राहिलं की प्रकरण अवघड, पण सहा महिन्यांच्या पुढेही चौकशी सुरू होते. वयस्कर माणसांपुढे विमानतळावर कार्ड सोडून दिल्याचा आय-४०७ हा फॉर्म सरकवला गेल्याच्या बातम्या २०२५ मध्ये बऱ्याच आल्या. तो फॉर्म सही करायलाच हवा असा नसतो. नाही म्हणून इमिग्रेशन न्यायाधीशापुढे जाता येतं. प्राध्यापकांनी ही माहिती पाकिटात घडी घालून ठेवलेली. सही कशावर करायची नाही, हे लिहून बाळगणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

इंग्लंडने हे जरा स्वच्छ लिहून ठेवलंय, असं माझं मत. ठाण्याच्या माझ्या मित्राचा मुलगा रेडिंगला असतो, त्यामुळे मला ते नियम तोंडपाठ. भेटीचा व्हिसा दोन, पाच, दहा वर्षांचा मिळतो, एका वेळी सहा महिने राहता येतं, वर्षातून कितीदा यावं याला मर्यादा नाही. मात्र वारंवार किंवा लागोपाठ येऊन तिथे दीर्घकाळ राहणं, त्या देशाला आपलं मुख्य घर करणं चालणार नाही, असं नियमातच आहे. युरोपच्या शेंगेन, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या, देशांत तर निव्वळ अंकगणित: कुठल्याही एकशे ऐंशी दिवसांत नव्वद. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवणारी यंत्रणा सुरू झाली, त्यामुळे दिवस मोजायला अधिकाऱ्याला पानं उलटायची गरज उरलेली नाही.

लेकीशी बोलणं झालं ते गौरी जेवल्याच्या रात्री. मी म्हटलं, पुढचं वर्ष तुम्हीच या. ती गप्प. एच-वन-बीवाल्याने भारतात यायचं म्हणजे पुन्हा व्हिसाचा शिक्का घ्यायचा, अपॉइंटमेंट पुढे ढकलली गेली तर तिथेच अडकायचं, आणि नोकरी इकडे. ‘बाबा, आम्ही आलो आणि परत जाता नाही आलं तर?’ तिच्या ग्रीनकार्डाची रांग भारतीयांसाठी दशकांची आहे. ती आमच्यासाठी अर्ज कधी करणार? म्हणजे ती निघायला घाबरणार आणि आम्ही शिरायला. जावई म्हणाला, बाळाचं डेकेअर चालू ठेवतो, तुम्ही दोघे आणि नागपूरचे दोघे, वर्षाआड या, आणि दोन-अडीच महिन्यांच्या वर राहू नका. सौ.ला ते पटलं नाही, पण तिने मान हलवली. आम्ही ठरल्या तारखेला निघालो. हयातीचा दाखलाही वेळेत दिला.

आता व्याही निघालेत, नेवार्कमार्गे. काल सौ. विहीणबाईंना फोनवर समजावत होती: परतीचं तिकीट वरच ठेवा, डेकेअरचं विचारलं तर खरं तेच सांगा, आणि अंदाजे काही बोलू नका. शेवटी म्हणाली, ‘आणि वरणभाताचं काही काढू नका, अर्धा तास त्यातच जातो.’

विहीणबाई म्हणाल्या, ‘आम्ही कशाला वरणभात खाऊ घालतो? आमच्याकडे वडाभात असतो.’