तुम्ही विचारलंत म्हणून: शेजारी अणुभट्टी, तरी बॉयलरला कोळसाच?

बोईसरला आमच्याकडे येणारा पाहुणा हा प्रश्न एकदा तरी विचारतोच. एका अंगाला तारापूर एमआयडीसीची धुराडी, तिथून रस्त्याने जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर अणुवीज केंद्र, आणि आम्ही आपले ट्रकच्या ट्रक कोळसा जाळतोय. दिवाळीत मामेभाऊ आला होता, त्याने तर थेट विचारलं, "दादा, ती भट्टी एवढं गरम पाणी समुद्रात सोडते म्हणतात. तेच घ्या की!"

मी इथल्या एका डाय इंटरमीडिएटच्या, म्हणजे रंग बनवायला लागणाऱ्या मधल्या रसायनांच्या, कारखान्यात युटिलिटी सांभाळतो. बॉयलर, कूलिंग टॉवर, कॉम्प्रेसर, एवढं माझं राज्य. (फोनवर मी "रिअ‍ॅक्टरला वाफ पुरत नाहीये" म्हणालो की सासूबाई अजून दचकतात. आमचा रिअ‍ॅक्टर म्हणजे आतून काचेचा थर दिलेलं, भोवती जॅकेट असलेलं मोठं पातेलं. बाकी काही नाही.)

तर, समुद्रात जाणारं पाणी. भट्टीत तयार होणाऱ्या उष्णतेतला साधारण तिसरा हिस्साच वीज होतो, उरलेले दोन समुद्राला जातात, हे खरं आहे. पण ते पाणी समुद्रापेक्षा काही अंशांनीच गरम असतं. आंघोळीला बरं, डिस्टिलेशनला (रसायनं उकळून वेगळी करायला) नाही. आम्हाला लागते दहा किलोची वाफ, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दहा किलो दाबाची, १८४ अंश सेल्सिअसची. तशी हवी तर ती टर्बाइनमध्ये पूर्ण पिळून निघण्याआधीच काढून घ्यावी लागते. तारापूरच्या ३ आणि ४ नंबरच्या युनिटांत, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या, टर्बाइनकडे निघालेली वाफ २५० अंशांच्या आसपास असते. आमचं काम त्यात आरामात भागेल. फक्त ती फुकटची नव्हे. ढोबळ हिशेबाने तीन-चार युनिट उष्णता घेतली की एक युनिट वीज बुडते. सौदा तरीही वाईट नाही, कारण इलेक्ट्रिक बॉयलर लावला तर एका युनिट विजेतून एकच युनिट उष्णता मिळते.

"पण त्या वाफेत किरणोत्सर्ग?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. १९६९ सालच्या १ आणि २ नंबरच्या युनिटांत पाणी भट्टीतच उकळतं आणि तीच वाफ टर्बाइनवर जाते, त्यामुळे ती थेट बाहेर देण्याचा विषयच नाही. ३ आणि ४ मध्ये भट्टीचं जड पाणी (साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन असलेलं) वेगळं फिरतं, टर्बाइनची वाफ वेगळ्या पाण्याची. कारखान्याला द्यायची झाली तर त्या वाफेने तिसरंच पाणी उकळायचं आणि ती वाफ पाइपात सोडायची. चीनमध्ये असंच केलंय. तियानवान केंद्राच्या ३ आणि ४ नंबरच्या युनिटांवरून लियानयुंगांगच्या पेट्रोकेमिकल वसाहतीला जून २०२४ पासून वाफ जाते, पाइपलाइन २३ किलोमीटरची, क्षमता तासाला ६०० टन. वर्षाला चार लाख टन कोळसा वाचेल असा त्यांचा अंदाज आहे. स्वित्झर्लंडमधलं ग्योसगेन केंद्र तर १९७९ पासून शेजारच्या पुठ्ठा कारखान्याला वाफ देतंय. आणि लांब कशाला जायचं, राजस्थानात रावतभाट्याला जड पाण्याचा कारखाना उभारला तोच शेजारच्या अणुवीज केंद्राची वाफ आणि वीज गृहीत धरून. तिथे हायड्रोजन सल्फाइडसारखा विषारी वायू खेळवतात, म्हणजे अस्सल रासायनिक कारखानाच.

मग इथे घोडं कुठे अडतं? माझ्या मते अणूपाशी नाही, आमच्या बॉयलरच्या दाबाच्या काट्यापाशी अडतं.

सकाळची पाळी लागली की तीन पातेली एकदम गरम करायला घेतात. बॉयलरचा काटा दहावरून बघता बघता सातवर येतो, अटेंडंट पंखा वाढवतो, कोळसा पुढे ढकलतो, शिव्या घालतो. अर्ध्या तासाने प्लँटवाले व्हॉल्व्ह बंद करतात आणि इकडे सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसायला लागतो. दिवसभर हेच. अणुभट्टीला असा धिंगाणा मानवत नाही, तिला एका चालीने चालणारं गिऱ्हाईक हवं. पेट्रोकेमिकलवाले रात्रंदिवस सारखीच वाफ ओढतात. आमचा बॉयलर तासाला तीन टनांचा, शेजाऱ्याचा दोनचा, पलीकडच्याचा पाचचा, आणि प्रत्येकाची बॅच वेगळ्या वेळी.

पण शंभर कारखान्यांचे काटे एकाच लाइनवर आले तर एकाची चढण दुसऱ्याच्या उतारात बरीचशी जिरेल. सांडपाण्यासाठी वसाहतीत सामायिक केंद्र झालंच ना? मग वाफेची सामायिक लाइन का नको? मी तर म्हणतो आधी ती लाइन टाका. सुरुवातीला तिच्या टोकाला एक मोठा, नीट चालवलेला बॉयलर असू दे. अणुकेंद्राची वाफ जोडायची तर जोडायला काहीतरी हवं आधी. मात्र ती लाइन किनाऱ्याकडच्या गावांतून येणार, आणि ३ आणि ४ नंबरसाठी अक्करपट्टी-पोफरणच्या लोकांनी गावं सोडली आहेत. त्यांना विचारल्याशिवाय आखणीचा कागदसुद्धा उलगडू नये.

अलिबागजवळ थळला अमोनिया बनतो, त्याचं गणित निराळं. तिथल्या रिफॉर्मरला (नैसर्गिक वायूतून हायड्रोजन काढणाऱ्या भट्टीला) ८०० अंशांच्या वरची आच लागते, २५० अंशांच्या वाफेचं ते कामच नाही. त्यासाठी हेलियमने थंड होणाऱ्या अणुभट्ट्या लागतात. जपानच्या एचटीटीआर या प्रायोगिक भट्टीने २००४ मध्ये ९५० अंश गाठले होते. गंमत अशी की थळला उलटाच व्यवहार चालतो, खत कारखान्याच्या वायूतून ड्युटेरियम काढून अणुभट्ट्यांसाठी जड पाणी बनवतात.

मामेभाऊ शेवटी म्हणाला, "म्हणजे वाफ आली की तुझी नोकरी गेली." तसं नाही. भट्टी देखभालीला बंद असते तेव्हा काय करायचं, म्हणून रावतभाट्यालाही तेलावरचे बॉयलर ठेवावेच लागले. आमचाही स्टँडबायला उभा राहील, आणि वर्षाला बॉयलर इन्स्पेक्टर येईल तेव्हा आत शिरून नळ्या घासायला माणूस लागेलच.